उलटे वेढे

डावरीच्या आईचं घरातल्या प्रत्येक प्लगशी वैर होतं. इस्त्री झाली की ती आधी प्लग काढायची, मग वायर गुंडाळायची, मग इस्त्री उचलून खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवायची आणि बाहेर पडताना दारातून परत फिरून बघायची, की ती अजून कट्ट्यावरच आहे ना. जणू बाईंची पाठ वळली की इस्त्री आपल्या पायांनी चालत जाऊन प्लगला चिकटणार होती. पंख्याचं बटण ती रबरी चपला घालूनच दाबायची. पाहुण्यांनाही घालायला लावायची.

याला कारण होतं, आणि ते कारण स्वतः डावरीच होती. नीट बोलताही येत नव्हतं त्या वयात तिने आईची स्वेटर विणायची सुई घेतली आणि डाव्या हाताने भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली. घरभरचे दिवे गेले. पोर उडून मागे पडली. आई धावत आली, तर पोर रडत नव्हती, भोकाकडे बोट दाखवत होती. म्हणाली, "आई, आत कुणीतरी राहतं."

तिथून पुढे आईचा जीव कायमचा टांगणीला लागला आणि लेकीचा जीव कायमचा त्या आतल्याकडे.

डावरी हे काही तिचं नाव नव्हे. पण लिहिते डावी, जेवते डावी, कात्री चालवते डावी, म्हणून मामाने लहानपणी एकदा हाक मारली ती कायमची बसली. मोठेपणी चष्म्याच्या दुकानात कामाला लागली तर तिथेही आठवड्याभरात डावरीच झाली. काम चांगलं होतं. फ्रेमचे मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू बसवायचे, काचा घासायच्या, नाकावर रुतणारी फ्रेम सैल करून द्यायची. हात स्थिर होता. गिऱ्हाइकं म्हणायची, त्या डाव्या हाताच्या ताईंकडे द्या. ती मात्र दुपारभर लोकांच्या कानांमागे बघत बसायची आणि मनात गिटारचे सूर लावायची. गिटार ती बरी वाजवायची, फार ग्रेट नाही. तिला तारांपेक्षा त्या तारांचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचंच, अ‍ॅम्पचंच, जास्त वेड होतं.

ते वेड मामामुळे लागलं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. जिन्याखालच्या अरुंद खोलीत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता रेडिओ कोण दुरुस्त करतं म्हणा, पण मामा रोज कुलूप उघडायचा, दिवा लावायचा, आणि फळीवर मांडलेल्या जुन्या रेडिओंची धूळ पुसायचा. खोलीला सोल्डरच्या राळेचा वास होता. डावरीने एकदा मैत्रिणीचा बंद पडलेला अ‍ॅम्प तिथे नेला. तो जुन्या पद्धतीचा होता, व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या छोट्या बाटल्या असलेला. मामाने मागचं झाकण काढलं, काहीतरी हलवलं, प्लग लावला, आणि काचेच्या त्या बाटल्यांत हळूहळू नारिंगी उजेड आला. विझत आलेल्या निखाऱ्यावर कुणी फुंकर घालावी तसा. मग डावरीने एक तार छेडली. आवाज आला तो जाड, उबदार, कडेला किंचित फाटलेला.

"हे मला बनवायचंय," ती म्हणाली.

"बनव की," मामा म्हणाला. "आधी झाडू घे, बाकाखालचा कचरा काढ."

मामाची शिकवण्याची तऱ्हा अशीच होती. कचऱ्यातून ती आधी जळके भाग ओळखायला शिकली. मग सोल्डर. मग जोड. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये छापील सर्किट नसतं. एका लांब पट्टीवर दोन ओळींत पितळी खुंट्या ठोकलेल्या असतात, प्रत्येक भागाची तार खुंटीभोवती गुंडाळायची आणि वर सोल्डर सोडायचं. मामा तार नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचा. डावरीच्या हातून ती उलटी जायची. मामाने दोन-चारदा बोटं धरून वळवून पाहिली. शेवटी कंटाळून म्हणाला, "जाऊ दे डावरे. करंट काही हात बघून धावत नाही."

आणि सगळ्यांत महत्त्वाचं त्याने शिकवलं ते खिशाचं. चालू पेटीत काही तपासायचं असेल तर एकच हात आत घालायचा. दुसरा हात खिशात. "दोन्ही हात आत गेले ना, तर करंट एका हातातून शिरतो, छाती ओलांडतो आणि दुसऱ्यातून निघतो. मग तुझा मामा रडत बसेल." पेटी बंद केली तरी लगेच हात लावायचा नाही, कारण आतले मोठे कंडेन्सर करंट धरून बसतात, आधी तो उतरवायचा, मग हात. डावरीला इतकी सवय झाली की चष्म्याच्या दुकानातही उजवा हात खिशात घालून स्क्रू बसवायला लागली. मालक म्हणाला, थंडी वाजते का?

घोळ झाला तो असा, की एका संध्याकाळी आई डबा द्यायला आली आणि नेमकी हीच खिशाची शिकवण तिच्या कानावर पडली.

"थांब दादा," ती दारातच म्हणाली. "एकच हात आत घालायचा?"

"हो. एकच."

"आणि हिचा हात कुठला?"

मामा हसला. "डावा. मग?"

"हृदय कुठल्या बाजूला असतं रे?"

मामाचं हसू मावळलं नाही, पण डावरीला ते थांबल्यासारखं वाटलं. तो समजावत बसला की तसं नसतं गं, हातातून हातात जायला वाट लागते, एका बाजूने काही होत नाही. आईने ऐकून घेतलं. डबा ठेवला. जाताना लेकीकडे बघितलं ते तिच्या डाव्या खांद्याकडे. काळजीला तर्क लागत नाही. तिला एक फट पुरते, आणि ती फट त्या दिवशी मिळाली.

त्याच सुमारास तारवाल्यांचं बाक रिकामं झालं.

तारवाले म्हणजे गावातल्या वाद्यांच्या दुकानाचे मालक. दुकानात शंभर तऱ्हेच्या तारा टांगलेल्या असायच्या म्हणून ते नाव. दुकानाच्या मागच्या बाजूला खिडकीपाशी दुरुस्तीचं बाक होतं. तिथला म्हातारा मेकॅनिक डोळ्यांमुळे घरी बसला आणि तारवाल्यांना माणूस हवा होता. डावरी चष्म्याच्या दुकानातून जेवणाच्या सुट्टीत धावत तिथे गेली.

तारवाल्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मुली, चष्म्याचं आणि ह्याचं काय?"

"दोन्हीकडे बारीक काम," ती म्हणाली.

"बोलायला चटपटीत आहेस. असं कर. एक व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बनव. सगळा स्वतःच्या हाताने. मला इथे आणून उघडून दाखव. मी आवाज नंतर ऐकतो, आधी पोट बघतो. पोट स्वच्छ असलं तर बाक तुझं."

डावरीला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिच्या हातांकडे बघून काही देऊ केलं होतं. ती सुट्या भागांचा खोका मागवून मामाच्या दुकानात जाऊन बसली. चष्म्यांतून सुटली की थेट तिथे. मामा पलीकडे बसून रेडिओशी खेळायचा, मधून मधून मान लांबवून बघायचा आणि म्हणायचा, "छान. चमकतोय जोड." जोड चमकला पाहिजे, निस्तेज झाला की समजायचं आत तडा आहे, हे त्यानेच शिकवलेलं. त्या "छान"साठी डावरी पुढचा जोड आणखी सावकाश करायची. एकदा तिने एक जोड सात-आठ वेळा उकलून परत केला. मामा म्हणाला, "अगं, लग्न लावतेयस का त्यांचं?"

"तुटायचं नाही असं करायचंय."

"मग लग्न नको लावूस," मामा म्हणाला. दोघं खूप हसली.

पेटी पूर्ण झाली. ट्रान्स्फॉर्मर बसले, पट्टी बसली, शेवटी व्हॉल्व्हही बसले. डावरीने प्लग हातात घेतला तेव्हा मामाने तो काढून घेतला.

"असं नसतं," तो म्हणाला. "आमच्यात रीत आहे. पहिला करंट शिकवणाऱ्याने द्यायचा. आज पेटी इथे ठेव, मी एकदा डोळ्यांखालून घालतो. रविवारी ये. आईलाही आण."

डावरीला ही रीत आवडली. आपण आता कुठल्यातरी रांगेत उभे आहोत, मागे मामा, त्याच्यामागे त्याचा उस्ताद, असं काहीसं वाटलं. तिने पेटीवर स्वतःची ओढणी घातली आणि घरी आली.

रविवारी आई खरंच आली. मामाने पेटी उभी केली, प्लगच्या वाटेत एक साधा बल्ब जोडला. आत कुठे गडबड असेल तर हा बल्ब भडकून पेटतो आणि पेटी वाचते. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळतो आणि मंद होतो. मामाने बटण दाबलं. बल्ब उजळला आणि मंदावला. व्हॉल्व्हमध्ये तोच नारिंगी उजेड आला. डावरीने गिटार जोडली आणि एक साधा सूर वाजवला, तर जिन्यावरून उतरणारा शेजारी थांबून म्हणाला, "वा!" डावरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मामाने तिच्या पाठीवर थाप मारली. "माझी शिष्या," तो म्हणाला.

आई पेटीच्या अगदी जवळ उभी होती. हसत होती. पायात रबरी चपला नव्हत्या, साध्या होत्या.

हे डावरीला तेव्हा दिसलं, पण कळलं नाही.

तारवाल्यांकडे पेटी नेली तेव्हा दुकान रिकामं होतं. त्यांनी काउंटरवर कापड पसरलं, पेटी उताणी केली, खालची पत्र्याची झाकणी काढली आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला. मग पट्टीवरून सावकाश बोट फिरवत गेले. डावरी उजवा हात खिशात घालून उभी होती.

"अरे वा," ते शेवटी म्हणाले. "काय सफाई आहे! जुन्या माणसाचा हात वाटतो. बघ, ये इकडे, तूच बघ, लाजतेस काय?"

ती वाकली. तिच्याच निवडीच्या तारा, तेच रंग, तेच भाग, ज्या त्या जागी. जोड चमकत होते. पण तिचे डोळे खुंट्यांवरून फिरता फिरता अडखळले. तिने एक खुंटी पाहिली. मग दुसरी. मग पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरची ओळ, खालची ओळ.

सगळ्या तारा उजव्या दिशेने गुंडाळलेल्या होत्या. सगळ्या. पेटी कुठूनही वळवून पाहिली तरी घड्याळाच्या काट्यांसारख्याच.

"काय झालं?" तारवाले म्हणाले. "चेहरा का पडला? पास झालीस. एक तारखेपासून ये."

डावरीने "हो" म्हटलं. पेटी त्यांनी दुकानात वाजवून दाखवायला ठेवून घेतली. ती बाहेर आली आणि रस्त्यात उभं राहून तिने हवेत एक काल्पनिक तार गुंडाळून पाहिली. हात उलटाच गेला. मग परत एकदा केलं. समोरून येणारी बाई तिच्याकडे बघत पुढे गेली.

मामाचं दुकान उघडंच होतं. तो एका रेडिओच्या पाठीत डोकं घालून बसला होता.

"काय म्हणाले तारवाले?" त्याने मान न काढता विचारलं.

"जुन्या माणसाचा हात आहे म्हणाले."

मामाचा हात थांबला. मग त्याने डोकं बाहेर काढलं. तिच्याकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं. काही माणसांचा चेहरा इतका सरळ असतो, की चोरी केली तर स्वतःच पावती फाडून देतात.

"किती जोड बदललेस?" डावरीने विचारलं.

"बस आधी."

"मामा, किती?"

"सगळे."

ती बसली नाही. "का? चुकले होते?"

"नाही." तो हात पुसत राहिला, फडकं काळं होईपर्यंत. "तुझी पेटी पुरी झाली त्याच दिवशी सकाळी तुझी आई मला घेऊन बसली. म्हणाली, दादा, एखादा जोड सुटून तिला धक्का बसला तर? त्या पेटीतला एकेक जोड तू स्वतः कर. माझ्या गळ्यावर हात ठेवून सांग, की तू केलेत. तुला माहितीय तिचं. लहानपणापासून माझं खोटं ती पकडते. मी तोंड उघडायच्या आत पकडते. नुसतं 'केले' म्हणून चाललं नसतं. मला खरंच करावे लागले."



"म्हणजे तिच्याशी खोटं बोलता येईना, म्हणून माझ्याशी बोललास."

मामाने फडकं घडी करून बाकावर ठेवलं.

"आणि ती रीत? पहिला करंट शिकवणाऱ्याने द्यायचा?"

"ती..." मामा म्हणाला. "ती त्याच दिवशी सुचली."

"आणि माझी शिष्या म्हणालास. आईसमोर. शेजाऱ्यासमोर. मी रडत होते तिथे."

"डावरे, ऐक. तुझे जोड चांगले होते. मी एकेक बघून मग उकलला. एकही कच्चा नव्हता. देवाशपथ."

हे ऐकून तिला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण तिला जाणवलं, की आता हेही पारखून घ्यायला तिच्याकडे काही उरलेलं नाही. ते जोड कुठेच नव्हते. ते चांगले होते हे सांगणारा एकच माणूस होता, आणि तो हा होता. गेले कित्येक महिने ज्याच्या एका "छान"वर ती दिवस काढत होती, त्याचं "छान" आता खोट्या नाण्यासारखं हातात पडलं होतं. बोटांनी चाचपावं आणि तरी काही कळू नये.

"मग ठीक," ती म्हणाली आणि निघाली. जिन्याखालच्या त्या खोलीतून बाहेर पडताना नेहमी डोकं वाकवावं लागायचं. त्या दिवशी ती विसरली आणि डोकं आपटलं. मामा उठला, पण ती थांबली नाही.

घरी आई भाजी निवडत होती. डावरीने चप्पल काढली नाही. "मामाला गळ्याची शपथ घातलीस?"

आईने भाजी बाजूला ठेवली. लपवाछपवी तिला येतच नव्हती. ती फक्त घाबरायची आणि घाबरली की करून मोकळी व्हायची. "घातली. परत घालीन."

"माझं काम होतं ते."

"तुझं काम आहे, आणि माझं काय आहे? तू आत हात घालायचीस आणि मी इथे बसून घड्याळ बघायचं? सुई घातलीस तेव्हा तू किती लांब उडालीस तुला आठवतं का? मला आठवतं. मला रोज आठवतं."

"मी आता मोठी झालेय, आई."

"करंटला कुठे वय कळतं?"

"तुझ्या भावाने काय सांगितलंय माहितीय? करंटला हातही कळत नाही. डावा-उजवा सारखाच. पण तुला ते ऐकायचं नव्हतं."

आईने भाजी परत पुढ्यात ओढली. मग हळूच, जवळजवळ पुटपुटत म्हणाली, "नोकरी मिळाली ना पण? मग बिघडलं काय?"

डावरीला एवढं दुखलं नसतं, आईने दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी. तिच्यावर जीव टाकणारी दोनच माणसं होती. दोघांनी मिळून तिच्या नकळत तिला काढून टाकलं होतं आणि जागेवर पेटी ठेवली होती. पेटी छान वाजत होती. बाक मिळालं होतं. आईचं म्हणणं खरंच होतं, कुणाचं काहीच बिघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तारवाल्यांकडे गेली.

"पेटी परत द्या," ती म्हणाली. "आतले जोड माझे नाहीत."

तारवाल्यांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

तिने सांगितलं. थोडक्यात, आईला आणि मामाला फार न रंगवता.

ते ऐकत राहिले. "तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं," ते म्हणाले.

"मला कळलं असतं. रोज त्या बाकावर बसून कळलं असतं."

"हं." त्यांनी कान खाजवला. "बघ मुली, बाक मी अडवून ठेवणार नाही. माणूस मला हवाच आहे. एक तारखेच्या आत स्वतः जोडून आणलीस तर बघू. आणि त्या आधी दुसरा कुणी आला तर ते तुझं नशीब."

तिने पेटी उचलली. चष्म्याच्या दुकानात रजा टाकली आणि घरी, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घालून कामाला बसली. आईने बघितलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. डावरीने मामाचा पहिला जोड तापवला, सोल्डर वितळलं, तार उकलली. सुंदर जोड होता. चमकता, गोल, कुठे टोक नाही. तिला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी तिला वाटलं, माझे उकलताना मामालाही असंच वाटलं असेल का? हा विचार तिला नको होता. तिने तो बाजूला सारला आणि पुढची तार धरली.

सगळी पट्टी मोकळी केली. मग पहिल्यापासून सुरुवात. प्रत्येक तार उलटी, आपल्या हाताची. दारातून आई मधूनच म्हणायची, "चहा घे." डावरी म्हणायची, "ठेव." चहा निवून जायचा, आई गरम करायची, परत निवायचा. बोलणं तेवढंच.

पेटी तयार झाली तेव्हा डावरीने प्लगच्या वाटेत बल्ब जोडला, अगदी मामा जोडायचा तसा.

"मामाला बोलावू?" आई म्हणाली.

"नको."

"नुसता उभा राहील."

"नको म्हटलं ना, आई."

तिने उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हाताने बटण दाबलं. बल्ब भडकला आणि भडकलेलाच राहिला.

आईने किंकाळी फोडली नाही. तिने फक्त दाराची चौकट घट्ट धरली. डावरीने बटण बंद केलं, कंडेन्सरमधला करंट उतरवला, आणि पेटी उताणी केली.  मग ती शोधत बसली. खुंटी खुंटी, तार तार. शेवटी सापडलं: पट्टी बसवताना एका स्क्रूखाली तार चेपली गेली होती, वरचं प्लॅस्टिक फाटून आतलं तांबं पत्र्याला टेकत होतं. चष्म्याच्या दुकानात सबंध आयुष्य स्क्रू बसवणाऱ्या बाईची स्क्रूचीच चूक. तिला हसू आलं, मग तिच्या मनात आलं, पहिल्या वेळीही ही तार अशीच चेपली होती का? मामाने पाहिली होती का? पाहून गप्पपणे सरळ केली आणि "एकही कच्चा नव्हता" म्हणाला? हे तिला कधीच कळणार नव्हतं. विचारून उत्तर मिळालं असतं, पण विश्वास मिळाला नसता.

तिने तार बदलली, वळवून लांबून नेली आणि परत बटण दाबलं. बल्ब उजळला. मंद झाला. बाटल्यांमध्ये उजेड आला. आईने सोडलेला श्वास टेबलापर्यंत ऐकू आला.

आवाज मामाच्या पेटीइतका स्वच्छ नव्हता. मागे एक बारीक घूं राहिली होती, फार कान दिला तर ऐकू येणारी. दुकानात तारवाल्यांनी कान दिला. मग पेटी उताणी केली, पोट बघितलं.

"सगळं उलटं का गुंडाळलंय?"

"माझा हात असाच आहे."

"आणि ही घूं?"

"माझीच आहे. काढीन."

त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं. खिडकीपाशी स्टूल होतं, त्याच्यावर कुणाचा तरी बंद पडलेला अ‍ॅम्प वाट बघत होता.

बाकाचं काम तिने पुढे जन्मभर केलं म्हणा. चष्म्याच्या दुकानातली माणसं अजून तिचं नाव काढतात. लांबलांबून लोक पेट्या घेऊन येऊ लागले, आणि प्रत्येक पेटी उघडली की ती सगळ्यात आधी बघायची ती तारा कुठल्या दिशेने गुंडाळल्यात. कामाला त्याचा काही उपयोग नव्हता. पण डोळा आपोआप तिथे जायचा. घरी आईशी बोलणं सुरू झालं. आईशी अबोला धरून कोण किती दिवस राहणार. आई डबा द्यायची, वर "हात खिशात ना?" असं विचारायची, डावरी "हो" म्हणायची. मामाकडे मात्र ती गेली नाही. घरी तो येणार असेल त्या वेळी तिला काहीतरी काम निघायचं.

शेवटी एक दिवस मामाच दुकानात आला. गिऱ्हाइकासारखा, काउंटरच्या पलीकडे उभा राहिला. काखेत त्याचा सगळ्यांत लाडका जुना रेडिओ होता, ज्याला तो दुसऱ्या कुणाला हातही लावू द्यायचा नाही.

"बंद पडलाय," तो म्हणाला. "माझे डोळे आता साथ देत नाहीत. जरा बघतेस?"

तारवाले मागून म्हणाले, "अहो, तुम्ही आमच्या मेकॅनिकचे मामा ना? बसा, बसा."

मामा बसला नाही. टोपी हातात फिरवत उभा राहिला. डावरीने रेडिओ बाकावर घेतला, मागचं झाकण काढलं आणि दिवा जवळ ओढला. शोधायला फार वेळ लागला नाही. एक तार खुंटीपासून सुटलेली होती. सुटलेली म्हणजे, कापलेली. टोक सपाट होतं, कटरने एका झटक्यात कापल्यासारखं, आणि तांबं अजून लाल होतं. जुन्या तारेचं उघडं तांबं काळवंडतं. काल-परवाचं काम. बाकी सगळा रेडिओ धडधाकट होता.

तिने मान वर करून बघितलं नाही. नवी तार घेतली, खुंटीभोवती आपल्या पद्धतीने उलटी गुंडाळली, सोल्डर सोडलं. जोड चमकला. रेडिओ लावला, तो खरखरला आणि बोलायला लागला.

"वा!" मामा म्हणाला. आवाज थोडा मोठाच झाला होता. "बघितलंत तारवाले? मला दोन दिवस सापडत नव्हतं. छान! काय जोड आहे!"

डावरीने प्लग काढला, झाकण बसवलं, चारही स्क्रू घट्ट केले आणि रेडिओ काउंटरवरून त्याच्याकडे सरकवला. मग तारवाल्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मामा, तार तू कापलीस."

त्याने लगेच नाही म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. त्याच्या सरळ चेहऱ्यावर परत सगळं दिसत होतं, पहिल्यासारखंच, काहीच लपत नव्हतं.

"पुढच्या वेळी," डावरी म्हणाली, "खरंच बिघडलेलं काहीतरी घेऊन ये."

मामाने मान हलवली. रेडिओ काखेत धरला, टोपी घातली आणि निघाला. मघाशी रेडिओवर काय लागलं होतं, ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. डावरीने पुढची पेटी ओढली, उजवा हात खिशात घातला आणि झाकण उघडून तारा कुठल्या दिशेने आहेत ते बघायला वाकली.